ग्रह आणि बटुग्रह : भेद कशावरून ठरतो?

सूर्यमालेत ग्रह किती, हा प्रश्न एकाच घरातील दोन पिढ्यांना विचारला, तर दोन वेगळी उत्तरे मिळतात. २००६ पूर्वी ज्यांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले ते ‘नऊ’ म्हणतात. त्यानंतर शाळेत गेलेली मुले ‘आठ’ म्हणतात. त्या त्या वेळच्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे दोन्ही उत्तरे बरोबरच होत. मधल्या काळात आकाशातून काही नाहीसे झालेले नाही. प्लूटो पूर्वी होता तसाच आहे आणि सुमारे २४८ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्याचा त्याचा क्रमही अखंड चालू आहे. बदल झाला तो माणसाच्या ज्ञानात आणि त्या ज्ञानाला अनुसरून केलेल्या वर्गवारीत.

वर्गात हा बदल पुष्कळदा एका वाक्यात आटोपला जातो : ‘प्लूटो आता ग्रह राहिला नाही.’ एखाद्या विद्यार्थ्याने ‘का?’ असे विचारलेच, तर ‘तो फार लहान आहे’ असे उत्तर देण्यात येते. हे उत्तर अपुरे आहे. केवळ आकारावरून ग्रह ठरत असता, तर गुरूचा गॅनिमीड हा उपग्रह बुध या ग्रहापेक्षा व्यासाने मोठा असूनही उपग्रहच का, याचा उलगडा झाला नसता. बुधाचा व्यास सुमारे ४,८८० किलोमीटर, तर गॅनिमीडचा सुमारे ५,२७० किलोमीटर आहे. तेव्हा ग्रह कोणाला म्हणावे हे ठरवताना खगोलशास्त्रज्ञ नेमके काय पाहतात आणि काय मोजतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

‘ग्रह’ शब्दाचा प्रवास

ग्रहांची यादी बदलण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. पंचांगातील नवग्रहांत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू यांचा समावेश होतो. या यादीत सूर्य आहे, चंद्र आहे. पृथ्वी मात्र नाही. राहू आणि केतू हे तर खगोलीय पिंड नसून चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदतो ते दोन बिंदू होत. प्राचीन ग्रीकांनीही स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकणाऱ्या सात ज्योतींना ‘भटके’ या अर्थाचे नाव दिले होते. त्यांतही सूर्य व चंद्र होते. आकाशात जागा बदलणे हीच त्या काळी ग्रहाची ओळख होती आणि केवळ डोळ्यांनी घेतलेल्या वेधांना ती पुरेशी होती.

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच्या शतकात सूर्यकेंद्री कल्पना हळूहळू रुजली. सूर्य ग्रहांच्या यादीतून गेला, पृथ्वी त्या यादीत आली आणि चंद्र पृथ्वीचा उपग्रह ठरला. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये दुर्बिणीतून युरेनस शोधला. मराठीत तो ‘हर्षल’ या नावाने ओळखला जातो, तो याच शोधकर्त्यामुळे. पुढे १८४६ मध्ये ल व्हेरिए यांनी गणिताने वर्तवलेल्या जागेजवळ बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून आढळला. ग्रहांची यादी अशा प्रकारे दर वेळी नव्या निरीक्षणानुसार दुरुस्त होत आली आहे.

सेरेसचा पूर्वानुभव

प्लूटोच्या बाबतीत २००६ मध्ये जे घडले, तेच दीडशे वर्षांपूर्वी सेरेसच्या बाबतीत घडून गेले होते. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथे ज्युझेप्पे पियाझ्झी यांना ताऱ्यांमध्ये सरकणारा एक अंधुक बिंदू दिसला. काही आठवड्यांच्या वेधांनंतर तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. गाउस या तरुण जर्मन गणितज्ञाने थोड्याशा नोंदींवरून त्याची कक्षा काढली आणि त्या गणिताच्या आधारे वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मोठ्या अंतरात एखादा ग्रह असावा अशी अपेक्षा होतीच. त्यामुळे सेरेसची गणना ग्रहांत झाली.

परंतु १८०२ मध्ये जवळजवळ त्याच अंतरावर पॅलस सापडला, १८०४ मध्ये जूनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा. हर्शेल यांनी १८०२ मध्येच या पिंडांसाठी वेगळे नाव सुचवले होते. तरीही अनेक दशके पुस्तकांतून त्यांची गणना ग्रह म्हणूनच होत राहिली. १८४५ मध्ये पाचवा पिंड सापडला आणि त्यानंतर जणू रांगच लागली. १८५१ अखेर त्यांची संख्या पंधरावर गेली. हे सर्व एकाच पट्ट्यात फिरणारे, एकाच समूहाचे घटक आहेत हे तेव्हा स्पष्ट झाले. त्यांना क्रमांक देण्यात येऊ लागले आणि ‘लघुग्रह’ हा स्वतंत्र वर्ग रूढ झाला. सेरेस लहान आहे हे आधीही ठाऊक होते. तो एकटा नाही हे कळल्यावर मात्र त्याची वर्गवारी बदलली.

प्लूटोचा शोध आणि घटत गेलेले वस्तुमान

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ येथे लॉवेल वेधशाळा आहे. तिचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांची अशी समजूत होती की, युरेनसच्या गतीत दिसणारी सूक्ष्म तफावत नेपच्यूनपलीकडील एखाद्या मोठ्या ग्रहामुळे निर्माण होत असावी. तो ग्रह पृथ्वीच्या सुमारे सातपट वस्तुमानाचा असावा असा त्यांचा अंदाज होता. लॉवेल यांचे १९१६ मध्ये निधन झाले. पुढे त्याच वेधशाळेत क्लाईड टॉमबॉ या तरुण साहाय्यकाकडे शोधाचे काम सोपवण्यात आले. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने छायाचित्रे घ्यावयाची आणि ती एका यंत्रातून आळीपाळीने पाहून कोणता बिंदू सरकला हे शोधावयाचे, अशी ही चिकाटीची पद्धत होती. जानेवारी १९३० मध्ये घेतलेल्या दोन छायाचित्रांची तुलना करीत असता १८ फेब्रुवारी १९३० रोजी त्यांना प्लूटो सापडला.

नवव्या ग्रहाच्या अपेक्षेने शोध चालू असल्यामुळे सापडलेल्या पिंडाला नववा ग्रह मानण्यात आले. पण त्याचे वस्तुमान जसजसे अधिक काटेकोरपणे काढले गेले तसतसे ते कमी होत गेले. १९३१ च्या सुमारास ते जवळजवळ पृथ्वीइतके समजले जात होते. १९४८ मध्ये ते पृथ्वीच्या एक-दशांशावर आले, तर १९७६ मध्ये एक-शतांशावर. १९७८ मध्ये जेम्स ख्रिस्टी यांनी प्लूटोचा शॅरन हा उपग्रह शोधला आणि अंदाजाच्या जागी प्रत्यक्ष मापन आले. प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एक-पाचशेांश, म्हणजे आपल्या चंद्राच्याही पाचव्या हिश्श्याहून कमी असल्याचे आज निश्चित झाले आहे. त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर आहे. चंद्राचा ३,४७४ किलोमीटर आहे. ज्या तफावतीच्या आधारे शोध सुरू झाला होता, तीही पुढे निराधार ठरली. ‘व्हॉयेजर–२’ हे यान १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेले, तेव्हा नेपच्यूनचे वस्तुमान अचूक कळले. ते गणितात धरताच ती तफावत उरली नाही.

दूरच्या पिंडाचे मोजमाप

कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या पिंडाचे वजन कसे करतात, हा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर उपग्रहात आहे. एखादा उपग्रह किती अंतरावरून आणि किती काळात फेरी पूर्ण करतो, हे मध्यवर्ती व उपग्रह या दोन पिंडांच्या एकूण वस्तुमानावर अवलंबून असते. शॅरन सुमारे १९,६०० किलोमीटर अंतरावरून ६ दिवस ९ तासांत फेरी घालतो. हे दोन आकडे हाती आले की न्यूटनच्या नियमाने वस्तुमान काढता येते. उपग्रह नसेल, तर तो पिंड शेजारच्या पिंडांना किती ओढतो यावरून, किंवा एखाद्या अंतराळयानाच्या गतीवर त्याचा काय परिणाम होतो यावरून तेच गणित करता येते.

व्यास काढताना मात्र नुसत्या तेजावर विसंबता येत नाही. लहान पण बर्फाळ पिंड पुष्कळ प्रकाश परावर्तित करतो आणि मोठा पण काळसर पिंड थोडाच. दोन्ही दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात. यासाठी पिंडातून निघणारी उष्णताही मोजण्यात येते. सर्वांत भरवशाची पद्धत पिधानाची आहे. दूरचा पिंड एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तो तारा काही क्षण झाकला जातो. पृथ्वीवरील वेगवेगळ्या ठिकाणांहून तो किती सेकंद झाकला गेला याची नोंद केली, की पिंडाची रुंदी आणि आकृती मिळते.

नेपच्यूनपलीकडील समूह

३० ऑगस्ट १९९२ रोजी हवाई बेटांवरील मौना केआ येथे डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे एक नवा पिंड सापडला. प्लूटो व शॅरननंतर त्या प्रदेशात सापडलेला हा पहिला पिंड होता. पुढील काही वर्षांत असे शेकडो पिंड सापडले. या प्रदेशाला ‘कायपर पट्टा’ असे नाव आहे. या पिंडांपैकी अनेकांची गती हुबेहूब प्लूटोसारखी आहे : नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या काळात त्यांच्या दोन फेऱ्या होतात. प्लूटोची कक्षा १७ अंशांनी कललेली व लंबवर्तुळाकार का आहे, याचाही उलगडा त्यामुळे झाला. या कक्षेमुळेच १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या अधिक जवळ होता. ग्रह म्हणून विक्षिप्त वाटणारा प्लूटो या समूहाचा सदस्य म्हणून अगदी स्वाभाविक ठरला.

निर्णायक क्षण २००५ मध्ये आला. माइक ब्राऊन, चॅड ट्रुहिओ आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी पालोमार वेधशाळेत २००३ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांतून एक पिंड शोधून काढला. जुलै २००५ मध्ये तो जाहीर झाला आणि पुढे त्याला ‘एरिस’ हे नाव मिळाले. सुरुवातीला तो प्लूटोपेक्षा मोठा वाटला. नोव्हेंबर २०१० मधील पिधानावरून त्याचा व्यास २,३२६ किलोमीटर, म्हणजे प्लूटोहून किंचित कमी निघाला. त्याच्या उपग्रहावरून काढलेले वस्तुमान मात्र प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी अधिक आहे. प्लूटो ग्रह असेल, तर एरिसला ग्रह न म्हणण्याचे कारण उरत नव्हते. आणि असे आणखी किती पिंड सापडतील हे सांगता येत नव्हते. ‘ग्रह म्हणजे काय?’ या प्रश्नाला लेखी उत्तर देणे आता टाळता येण्याजोगे नव्हते.

प्राग येथील ठराव

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची सर्वसाधारण सभा ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे भरली. प्रथम मांडलेल्या मसुद्यात सूर्याभोवती फिरणाऱ्या गोलाकार पिंडांना ग्रह म्हणावे असे सुचवण्यात आले होते. त्यानुसार सेरेस, शॅरन आणि एरिस धरून ग्रहांची संख्या बारा झाली असती. यावर सभेत जोरदार मतभेद झाले. दुरुस्त्या झाल्या आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी मतदान होऊन पुढील तीन अटी मान्य झाल्या :

१. तो पिंड सूर्याभोवती फिरत असावा.
२. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ गोल आकार येण्याइतके त्याचे वस्तुमान असावे.
३. त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा.

तिन्ही अटी पूर्ण करणारा तो ग्रह. पहिल्या दोन अटी पूर्ण करणारा, परंतु तिसरी पूर्ण न करणारा आणि कोणाचाही उपग्रह नसलेला तो बटुग्रह. उरलेले लघुग्रह, धूमकेतू इत्यादी पिंड सूर्यमालेतील लहान पिंड म्हणून ओळखले जातात.

अशा वर्गवारीची पद्धत प्रशासनाला अपरिचित नाही. २०११ च्या जनगणनेत एखाद्या गावाची गणना ‘जनगणना नगर’ म्हणून करण्यासाठी तीन अटी होत्या : किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकसंख्येची घनता. दहा हजार वस्तीच्या गावातील बहुसंख्य लोक शेती करीत असतील, तर जनगणनेत ते गावच राहते. त्यात गावाचा कमीपणा नसतो. तेथील जीवनाचे स्वरूप वेगळे आहे एवढेच त्यातून कळते. ‘प्लूटोची अवनती झाली’ असे म्हणणे याच कारणाने योग्य नव्हे.

येथे मराठीतील एका शब्दाबाबत सावध राहावे लागते. ‘बटुग्रह’ या शब्दात ‘ग्रह’ असल्यामुळे तो ग्रहाचाच लहान प्रकार असावा असे वाटते. परंतु ‘उपग्रह’ आणि ‘लघुग्रह’ या शब्दांतही ‘ग्रह’ आहेच. त्यामुळे कोणी चंद्राला ग्रह म्हणत नाही. संघाच्या ठरावानुसार बटुग्रह हा स्वतंत्र वर्ग आहे.

तीन अटींमागील विचार

पहिली अट कक्षेसंबंधी आहे. काही रात्रींच्या वेधांवरून पिंडाचा मार्ग काढता येतो आणि तो सूर्याभोवती फिरतो की एखाद्या ग्रहाभोवती, हे ठरते. गॅनिमीड, शनीचा टायटन आणि आपला चंद्र आकाराने मोठे असूनही येथेच बाजूला होतात.

दुसरी अट आकारासंबंधी आहे. लहान पिंडात खडकाचा किंवा बर्फाचा कठीणपणा प्रभावी ठरतो. म्हणून लहान लघुग्रह वेडेवाकडे असतात. वस्तुमान वाढले की गुरुत्वाकर्षण त्या कठीणपणावर मात करते, उंच भाग खाली दबतात आणि पिंड गोल होतो. मात्र ही मर्यादा सर्वांना सारखी नाही. शनीचा मिमास हा बर्फाळ उपग्रह सुमारे ४०० किलोमीटर व्यासाचा असून गोल आहे. नेपच्यूनचा प्रोटियस त्याहून किंचित मोठा असूनही ओबडधोबड आहे. व्हेस्टाचा सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आहे. परंतु दक्षिण ध्रुवाजवळील प्रचंड आघातांमुळे त्याची गोलाई बिघडली आहे. म्हणून त्याची गणना बटुग्रहांत होत नाही. ‘गोल’ याचा अर्थ चेंडूसारखा गोल असाही नाही. हौमिआ हा पिंड सुमारे चार तासांत स्वतःभोवती फिरतो आणि या वेगामुळे तो लांबट झाला आहे. तरीही त्याची गणना बटुग्रहांत होते.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत वादग्रस्त आहे. सूर्यमाला घडत असताना वाढत्या ग्रहाने वाटेतील लहान पिंड एक तर आपल्यात सामावून घेतले, किंवा दूर भिरकावले, किंवा आपल्या गुरुत्वाच्या बंधनात ठेवले. अशा प्रकारे त्याच्या कक्षेवर त्याचे वर्चस्व प्रस्थापित झाले. ज्या पिंडाला हे जमले नाही, तो समूहातील एक घटक म्हणूनच राहिला.

हे वर्चस्व आकड्यांत मांडता येते. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये पिंडाचे वस्तुमान आणि त्याच्या कक्षेच्या परिसरातील इतर सर्व पिंडांचे एकत्रित वस्तुमान यांचे गुणोत्तर काढले. पृथ्वीसाठी ते सुमारे १७ लाख आणि नेपच्यूनसाठी सुमारे २४ हजार आले. प्लूटोचे वस्तुमान मात्र त्याच्या परिसरातील इतर पिंडांच्या एकत्रित वस्तुमानाच्या एक-दशांशाहूनही कमी निघाले. सेरेस हा लघुग्रहांच्या पट्ट्यातील सर्वांत मोठा पिंड. पण पट्ट्यातील इतर सर्वांचे मिळून वस्तुमान त्याच्याहून अधिक आहे. आठही ग्रहांची गुणोत्तरे हजारांच्या आणि लाखांच्या घरात, तर बटुग्रहांची एकाहून कमी; मधल्या जागेत कोणीच नाही. ग्रह आणि बटुग्रह यांच्यातील सीमा निसर्गातच किती ठळक आहे, हे यावरून दिसून येते.

पाच मान्यताप्राप्त बटुग्रह

संघाने आजवर पाच पिंडांना बटुग्रह म्हणून मान्यता दिली आहे. सेरेस, प्लूटो आणि एरिस यांना २००६ मध्ये, तर माकेमाके आणि हौमिआ यांना २००८ मध्ये ही मान्यता मिळाली. यांपैकी सेरेस एकटाच मंगळ व गुरू यांच्या दरम्यान आहे. बाकीचे चौघे नेपच्यूनपलीकडील प्रदेशातील आहेत. एरिस सूर्याभोवतीची एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ५६० वर्षे घेतो. सेडना, क्वाओआर, गोंगगोंग व ऑर्कस हे पिंडही या वर्गात बसतील असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

बटुग्रह ठरल्याने या पिंडांचे महत्त्व कमी झाले नाही. मार्च २०१५ मध्ये ‘डॉन’ हे यान सेरेसभोवतीच्या कक्षेत पोहोचले. तेथील ऑकेटर विवरातील शुभ्र डाग क्षारांचे असल्याचे आढळले. हे क्षार पृष्ठभागाखालील खाऱ्या पाण्यातून वर आले असावेत. त्याच वर्षी १४ जुलै रोजी ‘न्यू होरायझन्स’ हे यान प्लूटोजवळून गेले. हे यान १९ जानेवारी २००६ रोजी, म्हणजे प्राग येथील ठरावापूर्वी सात महिने निघाले होते. निघताना ज्याला ग्रह म्हणत, त्या प्लूटोजवळ ते पोहोचले तेव्हा तो बटुग्रह झाला होता. नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान, पाण्याच्या बर्फाचे उंच पर्वत आणि विरळ वातावरणातील धुक्याचे थर या यानाने टिपले. टॉमबॉ यांच्या अस्थींचा काही अंशही या यानात ठेवण्यात आला होता.

आक्षेप आणि त्यांचा विचार

प्राग येथील व्याख्या सर्वांनाच मान्य झाली असे नाही. सभेला आलेल्यांपैकी थोड्याच सदस्यांनी मतदान केले, हा पहिला आक्षेप. पिंडाची वर्गवारी त्याच्या स्वतःच्या घडणीवरून व्हावी, शेजाऱ्यांवरून नव्हे, हा दुसरा. प्लूटोवर पर्वत, हिमनद्या आणि वातावरण असताना त्याला ग्रह का म्हणू नये, असे भूशास्त्रीय दृष्टीने अभ्यास करणारे अनेक शास्त्रज्ञ आजही विचारतात. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे फिरणारे हजारो लघुग्रह आहेत, मग गुरूने तरी परिसर मोकळा केला आहे काय, हा तिसरा आक्षेप होय. त्याला उत्तर असे की, ते लघुग्रह गुरूच्याच गुरुत्वाने त्या जागी धरून ठेवलेले आहेत. ते गुरूच्या वर्चस्वाचाच पुरावा देतात. ‘परिसर मोकळा करणे’ हे शब्द मात्र संदिग्ध आहेत, हे व्याख्येचे समर्थकही मान्य करतात. पिंडाचे वस्तुमान, सूर्यापासूनचे अंतर आणि मध्यवर्ती ताऱ्याचे वस्तुमान यांवरून ही अट गणिताने तपासण्याची पद्धत ज्याँ-ल्युक मार्गो यांनी २०१५ मध्ये मांडली.

याशिवाय ही व्याख्या केवळ आपल्या सूर्यमालेपुरती आहे. इतर ताऱ्यांभोवती पाच हजारांहून अधिक ग्रह आढळले आहेत. त्यांना ती जशीच्या तशी लागू होत नाही. चिली देशातील व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिच्या पाहणीतून नेपच्यूनपलीकडील आणखी हजारो पिंड हाती येतील अशी अपेक्षा आहे. तेव्हा व्याख्येत पुढेही सुधारणा होणे अशक्य नाही.

शाळेसाठी उपयुक्त उपक्रम

हा विषय पाठांतरासाठी ठेवला, तर विद्यार्थी फक्त एक आकडा बदलून लक्षात ठेवील. उपक्रमाच्या रूपाने तो शिकवला, तर शास्त्रीय विचारपद्धतीचा परिचय होतो. फळ्यावर बुध, चंद्र, गॅनिमीड, सेरेस, व्हेस्टा, प्लूटो, एरिस व गुरू ही नावे एकाखाली एक लिहावीत आणि पुढे तीन रकाने आखावेत : सूर्याभोवती फिरतो काय, गोल आहे काय, कक्षेचा परिसर मोकळा आहे काय. विद्यार्थ्यांनी प्रत्येक रकाना माहितीच्या आधारे भरावा आणि वर्ग स्वतः ठरवावा. कोणाचे मत वेगळे पडले, तर त्याला कारण विचारावे. प्राग येथील सभेतही शास्त्रज्ञांची मते वेगळी पडली होती.

दुसरा उपक्रम गावातील निरभ्र आकाशात करता येईल. मंगळ किंवा गुरू रात्री दिसत असेल त्या काळात जवळपासच्या ताऱ्यांसह त्याचे स्थान वहीत काढावे आणि आठवड्यातून एकदा अशी नोंद दोन महिने ठेवावी. तारे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत, ग्रह मात्र सरकलेला दिसतो. पंचांगकर्त्यांनी ग्रह ओळखले ते याच खुणेवरून आणि टॉमबॉ यांना प्लूटो सापडला तोही याच खुणेवरून. बटुग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. सेरेस तेवढा योग्य काळी साध्या द्विनेत्रीतून दिसू शकतो.

‘ग्रह नऊ की आठ?’ असे एखाद्या मुलाने विचारल्यास, ‘आठ’ हे उत्तर बरोबर आहे. पण त्यासोबत प्लूटोचे वस्तुमान कसे मोजले गेले, त्याचे शेजारी कसे सापडले आणि त्यामुळे पुस्तक का बदलावे लागले, हेही सांगितले जावे. नवा पुरावा हाती आल्यावर जुने मत बदलण्याची ही तयारी विद्यार्थ्याच्या अंगी बाणली, तर या धड्याचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.